कागद घेऊन येतो म्हणाले

शटर अर्धं खाली ओढलंय,
म्हणजे आता नवं गिऱ्हाईक नाही.
रावपुऱ्यातलं माझं दुकान,
झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म.
पाटीवरचा ‘फॉ’ गेल्या उत्तरायणात
कुणाच्या तरी मांज्याने नेला.

लॅपटॉप धापा टाकतोय.
ध्रुविल म्हणतो, बेन, एटला बधा टॅब?
बंध करी दो ने.
एकोणीस वर्षांचा आहे,
बंद करणं त्याला सोपं जातं.

वर त्रेचाळीस उभे आहेत
इतके चेपून, की नावं गळून पडलीत.
नुसती चिन्हं उरलीत.
अकरा ठिकाणी तेच तीन सिंह,
आणि कुठला सिंह कुणाचा
ते मीच आठवायचं.

हा फणसेकाकांचा. हयातीचा दाखला.
मशीनने त्यांचा अंगठा चार वेळा नाकारला.
एकेचाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवून
बोटांवरच्या रेघा झिजल्यात.
“अहो, आहे मी,” ते मशीनलाच म्हणाले,
मग बँकेचं पत्र आणायला गेले.
गुरुवारी तीन आठवडे होतील.

हा शिर्क्यांच्या सुनेचा.
नव्या नावाच्या रकान्यापाशी तिने माझा हात धरला,
म्हणाली, जरा थांबा, विचारून येते.
कुणाला, ते नाही बोलली.
कर्सर अजून तिथेच लुकलुकतोय.

ध्रुविलने शिकवलंय: गट करायचे, रंग द्यायचे.
पिवळा म्हणजे कागद आणतो म्हणाले.
निळा म्हणजे साइट बंद.
लाल म्हणजे पैसे बाकी.
लालमध्ये भरायला बसले
तर निम्मे पिवळ्यातलेच निघाले.
तेव्हा लाल मोडला.
पैसे काय, वहीत आहेत.

एक उरला, कुठेच बसेना.
विश्वामित्रीची पातळी, काळा घोडा पूल.
पुराच्या रात्री लॅपटॉप पोटाशी धरून
माळ्यावर बसले होते,
दर दहा मिनिटांनी हाच बघत.
खाली झेरॉक्सचं मशीन पाण्यात,
टोनरची काळी साय तरंगत होती.
नंतर नदी उतरली,
मगरी आपापल्या चिखलात गेल्या,
भिंतीवरची रेघ आम्ही रंगवून टाकली.
इथे मात्र अजून तेहेतीस फूट.
रिफ्रेश केलं तर उतरेल.
करत नाही.
लॅपटॉपही तेव्हापासून नुसता झोपवते,
पुरता बंद करत नाही.
ध्रुविलला वाटतं, बेनला येत नाही.

रात्री साडेनऊपर्यंत बसून
बंद झाले एकूण चार.
त्यातला एक चुकून.
तो परत उघडला.

सकाळी शटर वर करते तो फणसेकाका पायरीवर.
प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी,
तिच्यात वर्तमानपत्र, त्यात पत्र.
म्हटलं, बसा, तुमचं उघडंच ठेवलंय.
पिवळ्यातला पहिला.
दाबलं.
पडदा एकदा पांढरा झाला:
सत्र समाप्त. कृपया पुन्हा सुरुवात करा.

ध्रुविल हसला नाही,
हे मला त्याचं आवडलं.
चहा सांगायला गेला.

मी पहिला रकाना उघडला.
“नाव?”
“तेच,” काका म्हणाले,
आणि सदऱ्याच्या कडेला
अंगठा पुसू लागले.