आणखी एकदा पीळ

सोमवारपासून माझी रात्रपाळी.
तेव्हा बसा दोघं इथे.
एर्मिंदा, तू किसणीपाशी.
ओसिएल, तू फक्त बघायचं.
बघणं हेही कामच आहे, तोंड वाकडं करू नकोस.

हे बटाटे आतून जांभळे.
आत्याने पलीकडच्या बेटावरून आणले,
होडीत गुडघ्यांमध्ये पोतं धरून.
साल पातळ काढ.
जाड साल म्हणजे कोंबड्यांची चैन.
अर्धे उकडायचे, अर्धे कच्चेच किसायचे,
आणि शेवटचा तुकडा सोडून द्यायचा,
किसणीला बटाटा कुठला नि बोट कुठलं
कळत नाही.

आता किस फडक्यात. गाठ मार. पीळ.
झालं म्हणतेस, आणि थेंब पडतोय अजून.
आणखी एकदा पीळ.
बाबांची लोकरी बंडी पिळतेस ना,
ते मेंढ्या कातरून परत आले की, मार्चमध्ये?
तशी.
ते पाणी ओतू नकोस!
बाजूला ठेव. हलवू नकोस. हलवू नकोस म्हटलं ना, ओसिएल.
थोड्या वेळाने वरचं गढूळ ओतून टाक,
तळाशी पांढरा साका बसलेला असेल,
घट्ट, बोटाखाली करकरणारा.
तो परत पिठात.

मला हे सावत्र आईने शिकवलं,
लाकडी पळीने, बोटांच्या पेरांवर.
मी मारणार नाही.
ओरडेन मात्र,
ओरडल्याशिवाय मला स्वयंपाक येत नाही.

मीठ अंदाजाने.
"अंदाज म्हणजे किती?" ओसिएल विचारतो.
मी मूठ उघडून दाखवते.
तो स्वतःची मूठ शेजारी धरतो,
बराच वेळ दोन्ही मुठींकडे बघतो,
आणि म्हणतो, "मग मी दोनदा घेईन."

उकडलेला लगदा, कच्चा किस, चरबीचे कुरकुरीत तुकडे,
सगळं एकत्र मळायचं,
तळव्यावर थापायचं,
कडा फाटली तर ओल्या बोटाने सांधायची.
आमच्याकडे याला मिल्काओ म्हणतात,
आणि तुमचा फाटला तरी त्याला मिल्काओच म्हणतील.

आता चूल.
नीट ऐका, इथे मस्करी नाही.
लोखंडी पत्र्यावर हात धरायचा, असा, वीतभर वर,
आणि मोजायचं.
तीनच्या आत काढावा लागला तर तापली.
एक, दोन, तीन, चार,
अजून थंड आहे, एर्मिंदा, एक लाकूड सार,
पाच, सहा,

ओसिएलने दोन्ही हातांनी माझं मनगट ओढलं.

तळवा लाल झालेला.
मी बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
बारा वर्षं बर्फाच्या पाण्यात सॅमन सोलतेय मी,
मोज्यांच्या आत मोजे घालून.
बोटं सुन्न होतात हे सगळ्याच जणी सांगतात,
डबा उघडताना, हसत.
चुलीजवळ कधी मोजून पाहिलं नव्हतं.

छपरावर पाऊस. कुणीच काही बोललं नाही.
कढईत चरबीने एक फुटका आवाज केला.
मग एर्मिंदा पुढे आली, बाही वर सारली,
हात धरला, वीतभर वर,
"एक. दोन," आणि झटकन काढला.
"तापलीय," म्हणाली. "आई, तू सरक."

मी सरकले.
पहिला करपला. दुसरा आत कच्चा राहिला.
तिसरा मी उभ्यानेच खाल्ला,
मीठ दोनदा पडलं होतं.

सोमवार. संध्याकाळचे सात.
पट्ट्यावरून मासे येताहेत, सगळे एकाच मापाचे.
शेजारची ग्लादिस सुनेबद्दल काही सांगतेय,
मी हं हं करते.
आता किसून झालं असेल.
आता पिळत असेल ती, आणि त्याला ओरडत असेल,
माझ्याच शब्दांत.
आता साका बसला.
आता दोघं चुलीपाशी,
बाही वर,
एक,
दोन,
काढ, पोरी, हात काढ.