बोटाचं वय

सरकी एकीकडं, रुई एकीकडं,
जिनिंगातल्या मशीनले एवढंच ठाऊक हाय.
त्या रातीच्या पाळीत तिनं
माह्या उजव्या हाताची दोन बोटं
सरकीकडं टाकली.

मुकादमानं फडकं गुंडाळून गाडीत बसवलं.
वाटेत म्हणे, पंचफुलाबाई,
डॉक्टरनं इचारलं तं सांगजो,
घरी कडबा तोडताना कापलं.
बिल शेठ भरते, वरून पाच हजार देते.
म्या म्हटलं, घरी ढोर नाही,
कडबा कायले तोडू?
त्यानं गाडीतलं गाणं बंद केलं.

मंग युनियनचा नंदेश्वर आला,
खाटीवर कागद पसरून वाचू लागला:
एका हाताची दोन बोटं, वीस टक्के.
कायचे टक्के?
कमवायच्या ताकदीचे, म्हणे.
बाकीची ऐंशी टक्के मी
भिताडाले टेकून आयकत होती.

पगाराचे साठ टक्के,
त्यातले वीस,
त्याले वयाच्या आकड्यानं गुणायचं.
वय चढलं का आकडा उतरते.
म्हणजे जुनं बोट सस्तं,
बाजार उठताना मेथीची जुडी सस्ती
तसं?
नंदेश्वर हासला नाही. हो म्हणे.

आता माहं वय.
हजेरीच्या वहीत मी 'बाई १४'.
आधारवर एक जानेवारी,
सालही त्याच पोट्ट्यानं टाकलं
ज्याले कॅम्पात जेवायची घाई होती.
आमच्या एका गल्लीत अकरा बाया
एक जानेवारीच्या.

माय म्हणते, तू तान्ह्या पोळ्याची.
त्या साली नाल्याचा रपटा वाहून गेला,
सुईण पल्याडच राहिली,
म्या तुले एकटीनं काढलं.
नंदेश्वर म्हणे, आजी, रपट्याची सही चालत नाही.

पण दुसरीपर्यंत मी शाळेत गेली होती.
मास्तरानं लोखंडी पेटी उघडली,
दाखल-खारीजचं पान वाळवीनं कोपऱ्यात खाल्लेलं,
मधात मी शाबूत.
निळ्या शाईत.
पाच वर्षानं लहान.

पाच वर्षाचे सोळा हजार दोनशे शहाऐंशी.
नंदेश्वरनं दोनदा गुणून पाह्यलं.
माय म्हणे, पाह्य,
पोरगी लहान निघाली तं भाव चढला.
मंग तिले तिचंच बोलणं कसंतरी वाटलं,
चुलीपाशी जाऊन बसली.

शेठच्या वकिलानं कोर्टात इचारलं,
मशीनवर मोबाईल पाहत होती का?
म्या म्हटलं, साहेब,
मोबाईल तुमच्या टेबलावर हाय,
माहे दोन्ही हात कपाशीत होते.
जजबाईनं लेहून घेतलं.
पुढची तारीख पडली.

दिवस मी पेरांवर मोजतो,
आंगठा एकेका पेरावर ठेवत.
उजव्या हाताले आता सहाच पेरं.
सहा झाले का आंगठा
सवयीनं पुढं जाते,
तिथं काहीच नसते,
तरी तो थोडा वेळ टेकून राह्यते.

मंग डावा हात.
एकोणतीस दिवस बाकी.