समोरून बटणं

उद्या सात वाजता धुळ्याला पोचायचं.
रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही.
समोरून बटणांचे दोन गाऊन आणले,
हात वर जाणार नाहीत म्हणून
कळण्याच्या पिठाचा डबा खालच्या फळीवर.

एकोणिसाव्या वर्षी सुयोग, एकविसाव्या वर्षी जुळ्या.
तिघं पोटभर प्यायली.
त्याची तक्रार नाही.

सासूला सांगितलं, गाठ आहे.
"माले येडी समजस का व?"
एवढंच. मग स्वतःचं विरलेलं लुगडं
माझ्या बॅगेत कोंबलं.
"मऊ शे, टाकास्ले बरं."

डॉक्टर जांभळ्या पेनानं खुणा करणार, उभं करून.
मी आजच दार लावून
काजळाची एक रेघ ओढून पाहिली,
कुठवर होते मी, ते आठवून.

वाकडी गेली.
बाहेरून जुळ्यांपैकी एक दार वाजवतेय.