मे महिन्यात हीटर

गेवराईच्या बायपासवर, टायरवाल्याला लागून,
मुनीरुद्दीन मिस्त्रीनं गाडीचं तोंड
दोन फरशांवर चढवून ठेवलंय,
पाण्याचा घोट घेऊन कोंबडी मान वर करते तसं.
"हवा वर चढती, ताई. तिला वाट वरच पायजे."

काल खालचा पाइप काढला तेव्हा
घमेल्यात तांबूस गढूळ काहीतरी पडलं,
आणि मागून पांढरे पापुद्रे,
आमच्या हंड्याच्या बुडाशी धरतात तसलेच.
अकरा वर्षं काकांनी हिला
बोअरचं सवळं पाणी पाजलं,
आम्ही प्यायलो तेच.
"रेडिएटर हय का मुतखड्याचा पेशंट?"
मिस्त्री म्हणाला. काका हसले नाहीत.
सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं कंपाउंडर,
डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलची मान
कानशीनं घासून कट्‌कन मोडायचे,
दिवसाला शंभर.
त्यांना माहीत होतं.

मग थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं.
आत नुसतं भोक.
बालाजीनं बोट घालून पाहिलं. पुन्हा पाहिलं.
"वॉल्व्हच नाही, उस्ताद."
"कोणत्या गाढवानं काढला?"

टायरच्या ढिगावर बसलेले काका
पेपरातली तीच ओळ वाचत राहिले.
मग म्हणाले,
"मी."

मांजरसुंब्याचा घाट. सोलापूरला माझी मुलाखत, नर्सिंगची.
काटा लाल घरात गेला होता, हे मला आज कळतंय.
तेव्हा म्हणाले होते, जा, चहा घे, भजी सांग, आलोच.
पाऊण तास आले नाहीत.
मी दोन प्लेटी संपवल्या, चिडून.
आले तेव्हा हाताला रुमाल गुंडाळलेला.
चहा सांडला म्हणाले.
कुठला चहा? चहा तर माझ्यासमोर होता.
मी विचारलं नाही. मला उशीर होत होता.

"फेकला का मग घाटात?" मिस्त्रीचा प्रश्न.
"नाही. शिलाई मशीनच्या खणात आहे. बॉबिनांच्या डब्यात."
मिस्त्री खाली वाकला, बराच वेळ पाना शोधत राहिला.
"म्हणून थंडीत तुमचं हीटर तापत नसंल, सर."
"आम्हाला म्हणायचे," मी म्हटलं,
"मराठवाड्यात हीटर लागतो कुणाला."

आज नवा वॉल्व्ह बसला. नवी क्लिप, नवा पाइप.
कापलेल्या बाटलीचं नरसाळं करून
हिरवं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं निम्मं,
काका स्वतः ओततायत. थेंब सांडू देत नाहीत.
मला सीटवर बसवलंय. "पाय दाबून धरा, दोन हजारावर.
हीटर फुल. पंखा फुल."
बाहेर त्रेचाळीस. रसवंतीवाला
बर्फ फोडायचा थांबून माझ्याकडे बघतोय.

बालाजी फडक्यात वरचा पाइप धरून पिळतोय,
सोडतोय, पिळतोय,
म्हशीला पान्हा फोडावा तसा.
नरसाळ्यात गुळगुळ. पातळी खाली. ओता.
मोठा बुडबुडा, ढेकर दिल्यासारखा. ओता.
मिस्त्री हवेचा स्क्रू अर्धा फेरा सैल करतो,
फुस्स, मग थुंकी, मग फेस,
मग पुन्हा फुस्स. "थांबा. अजून हय आत."
किती वेळ गेला कुणास ठाऊक.
माझ्या पोटरीला गोळा आला.
मानेवरून घाम पाठीत, पाठीतून सीटमध्ये.
दोन वेळा वाटलं, बास, सोडते पाय.
काका काचेशी येऊन म्हणाले, "धर."

मग स्क्रूमधून बारीक हिरवी धार.
तुटली. पुन्हा आली.
मग तुटलीच नाही.

जाळीतून आधी धूळ आली,
कुबट वास, कुठल्या तरी पावसाळ्यातलं चिंचेचं पान,
आणि मग गरम वारा.
भट्टीसारखा, पहिल्यांदाच, इतक्या वर्षांनी.
काकांनी खिडकीतून हात आत घातला,
चट्ट्याचा हात,
जाळीसमोर उताणा धरून ठेवला.
भाजत असणार. काढला नाही.

बॉनेटखाली खट्ट झालं, मोठा पंखा फिरायला लागला.
"आता बंद करा," मिस्त्री म्हणाला. "झालं."
दोघांतल्या कुणीच बंद केलं नाही, लगेच.