सहा पॉइंटातली ओळ

भूपाळअण्णा म्हणाले, ती खालची ओळ काढा की ओ,
उगंच जागा खाते.
तिथं देवीचा फोटो जरा मोठा करू.

वखारभागातला आमचा छापखाना.
भडंग, शेव, फरसाण, लसणाची चटणी,
निम्म्या सांगलीच्या पाकिटांना इथंच तोंड मिळतं.
वजन छापतो, भाव छापतो,
'चवीला एक नंबर' तर न विचारता छापतो.

ती ओळ म्हणजे:
याच कढईत शेंगदाणेही तळले जातात.
सहा पॉइंट. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं.

मी दस्तगीरकडं बघितलं.
तो मशीनवर, पाठमोरा.
पाना फिरवायचा थांबला, एवढंच.

गेल्या साली त्याच्या नातवानं मूठभर शेव खाल्ली.
शेवेत दाणा नव्हता,
बेसन, ओवा, मीठ, तेल. खरंच नव्हता.
फक्त झारा तोच, सकाळचा.
आधी ओठ सुजले, मग डोळे मिटत गेले,
मग श्वासाची शिट्टी झाली.
सांगली ते मिरज, रिक्षात,
मांडीवर सात वर्षांचं पोर
आणि दर खड्ड्याला, आहे ना, आहे ना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाकीट आणा.
तिथल्या ट्यूबलाइटखाली त्यानं ते ओळखलं.
रंगावर रंग नेमका बसलेला,
केसभरही कुठं सरकलेला नाही,
आपल्याच हातचं काम.
उलटून बघितलं, पालटून बघितलं.
ओळ नव्हती.

लोक म्हणतात, शेंगदाण्यानं कुणी मरतं होय?
आम्ही पाटीपाटीनं शेंगा खाल्ल्या.
खाल्ल्या असतील.

म्हटलं, अण्णा, देवी होऊ दे थोडी बारीक,
ती काय रागवायची नाही.
जास्तीचे पैसे मिळणार नाहीत, म्हणाले.
नका देऊ.

दस्तगीर आला. भिंग नाही घेतलं,
कागद हातभर लांब धरला.
नऊ पॉइंट करा, म्हणाला,
मला वाचता आलं पाहिजे.
आणि दारातनं परत वळून: ठळक.

जुनेदची बाराखडी अजून अडखळते,
स्वतःच्या नावातला ज तो उलटा काढतो.
पण दुकानात पाकीट हातात आलं
की बोट फिरवत फिरवत
नेमकं त्या एका शब्दावर आणून ठेवतो.

शब्द नसला
तर पाकीट उलटं करतो, परत सुलटं,
आणि दुकानदाराच्या तोंडाकडं
बघत राहतो.