चहाची चाळीस मिनिटं

सकाळी माराकेशहून निघताना
इद्दरच्या बोटांची टोकं काळी होती.
मला वाटलं, ऑइल. गाडीवाल्याचे हात.

लाल भिंती सुटल्या, ऑलिव्हही सुटले,
रस्ता नदीचं बोट धरून वर चढू लागला.
वळणावळणाला तो एकेक शब्द द्यायचा, सुट्ट्या पैशांसारखा:
आमान, पाणी. अघ्रूम, भाकर.
डोंगराला काय म्हणतात ते मी विसरलो.

गावातलं शेवटचं घर. मातीच्या भिंतीला वाशाचा टेकू.
"इथं चहा," तो म्हणाला. "चाळीस मिनिटं."

म्हातारीनं किटली हातभर उंच धरून
आम्हा सहा जणांना सारखाच फेस ओतला.
त्याच्या भाकरीवर मात्र लोणी,
आणि जाता जाता त्याच्या कॉलरचा लोंबता धागा
तिनं दातांनी तोडला.

अंगणात हिरव्या सालींचे अक्रोड.
तो उकिडवा बसून सोलत राहिला.
दोघं काहीतरी बोलले,
शेळीबद्दल असावं.

निघताना कंपनीच्या पाकिटातून
त्यानंच तिला पैसे मोजून दिले.
पावतीवर तिनं अंगठा उठवला.
शाई लागली नाही.

उतारावर कुणीतरी विचारलं, त्या बाईंचं नाव काय?
"तूदा," म्हणाला,
आणि गिअर बदलला.