उतारावर उभी करू नये

पत्र मार्चमध्ये आलं, बर्फ अजून पायरीपर्यंत होता.
बिलांखाली पडून राहिलं.
मला वाटलं, विम्याची जाहिरात.
पाकिटावर लाल पट्टी आणि माझं नाव:
लोर्ना ट्वेट, स्कोबी, मोंटाना.

आपल्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलचा बोल्ट
सैल होऊन तुटू शकतो, असं आत लिहिलेलं.
तुटला तर गाडी पार्कमध्ये असूनही घरंगळेल,
चालती असेल तर चाकांतला जोर एकाएकी जाईल.
दुरुस्ती विनामूल्य. सुटे भाग आले की कळवू.
तोवर गाडी उतारावर उभी करू नये.
खाली कुणा उपाध्यक्षाची सही, छापलेली.

एवढ्या मोठ्या कंपनीनं
दोष आमचा, असं मला लिहून पाठवावं!
ओरिन बत्तीस वर्षांत एकदा म्हणाला नाही.
चष्मा पुसून ते वाक्य मी परत वाचलं.

गंमत ही, की गाडी आता माझी नाहीच.
ऑक्टोबरात विकली. रोख, सहा हजार दोनशे.
घेणारा पोरगा, हनुवटीवर जेमतेम लव,
सोबत तीन पायांचं कुत्रं.
पावती बियाण्याच्या पाकिटामागे लिहिली;
त्याची सही म्हणजे एक आर, आणि पुढे काटेरी तार.
नोंदणी त्यानं बदलली नसणार. त्याला पैसे पडतात.

आणि तो आवाज.
गिअर टाकला की मागून ठण्ण यायचं,
तळघरात कुणी पहार टाकावी तसं.
त्यानं विचारलं, हे काय?
मी म्हटलं, जुनी आहे, बोलते.
खोटं नव्हतं ते. पुरतं खरंही नव्हतं.
कोठारात खिळ्याला एक लाकडी ठोकळा टांगलेला असतो.
दोन हिवाळे मी तो रोज मागच्या चाकाला लावत होते,
कारण एकदा कुंपणाचं फाटक उघडायला उतरले
तर गाडी हळूच माझ्यामागे चालत आली,
ओळखीच्या गाईसारखी.
तो ठोकळा मी पोराला दिला नाही.
द्यायचा तर सांगावं लागलं असतं, कशाला.

कंपनीला फोन लावला. अर्धा तास नुसती बासरी.
मग एक मुलगी म्हणाली, नव्या मालकाचा पत्ता द्या.
पत्ता असता तर तुला कशाला छळलं असतं, बाई.

निघाले बहिणीची मोटार घेऊन.
धान्याच्या कोठीवर, पेट्रोल पंपावर,
आणि त्या बारमध्ये, जिथे लग्नानंतर पाय ठेवला नव्हता.
माणसाचं नाव मला सांगता येईना.
तीन पायांचं कुत्रं, म्हटलं की
लोक लगेच हात करायचे, पूर्वेकडे.

पॉप्लर नदीच्या वर, एका ट्रेलरसमोर
ती उभी होती. उतारावरच; तिथे सगळा उतारच आहे.
नाक नदीकडे.
मागच्या चाकापुढे एक दगड,
डोक्याएवढा, नीट बसवलेला.

पोरगा बाहेर आला. रॉयस नाव त्याचं.
मी पत्र पुढे केलं, आणि ठोकळा.
पत्र त्यानं खिशात कोंबलं.
ठोकळा उलटासुलटा करून पाहिला,
त्यावरचे रबराचे काळे वळ, दोन हिवाळ्यांचे.
'म्हणजे तुम्हाला माहीत होतं.'
'हो.'
कंपनीचं छापील वाक्य जिभेवर आलं होतं,
ते गिळलं. त्याजागी दुसरं काही सापडेना.

तो वाकला, ठोकळा दगडाशेजारी ठेवला,
बुटाच्या टाचेनं आत ठोकला.
डीलर दीडशे मैलांवर. भाग आलेले नाहीत.
कुत्र्यानं आधी ठोकळा हुंगला,
मग माझा हात,
मग परत ठोकळा.